सातारा-सांगली परिसरातील मुस्लिम समाजजीवन : गावगाडा, दर्गा आणि भाषा

प्रस्तावना

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला ते सुटे धरता येत नाहीत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण या संस्थानांचे प्रदेशही विलीनीकरणानंतर याच दोन जिल्ह्यांत सामावले. कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख राजकीयदृष्ट्या वेळोवेळी विभागला गेला, पण गावगाड्याची रचना, जत्रा-उरुसांचे वेळापत्रक आणि सोयरिकींचे जाळे या बाबतींत तो एकसंधच राहिला.

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ इतकी होती. त्यांपैकी मुस्लिमांचे प्रमाण सांगलीत सुमारे साडेआठ टक्के, तर साताऱ्यात सुमारे पाच टक्के होते. राज्याच्या सरासरीपेक्षा (११.५४ टक्के) हे प्रमाण कमी आहे. तथापि ही संख्या केवळ शहरांतील ठरावीक मोहल्ल्यांपुरती मर्यादित नाही. मिरज, सांगली, कराड, सातारा ही शहरे वगळली तरी या भागातील बहुसंख्य मोठ्या गावांत मुलाणी, मुजावर, शिकलगार, आत्तार, तांबोळी यांची पाच-दहा घरे असतातच. मराठी इतिहासलेखनात मात्र 'मुसलमान' हा शब्द आला की सुलतान, सरदार आणि सुभेदार डोळ्यांपुढे उभे राहतात. गावच्या वेशीच्या आत राहणारा, कुणब्याच्या खळ्यावरून बलुते नेणारा मुसलमान त्या लेखनात क्वचितच भेटतो. प्रस्तुत निबंधाचा विषय हा दुसरा मुसलमान आहे.

राज्यकर्ते आणि रयत

या प्रदेशावर बहामनी (१३४७ पासून), आदिलशाही (१४९० ते १६८६) आणि अल्पकाळ मोगल अशा मुस्लिम सत्ता होत्या. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडमधील जुन्या मशिदीचे दोन उंच मनोरे आदिलशाही काळाची साक्ष देतात. नदीपलीकडून कराडकडे येणाऱ्याच्या नजरेत गावाच्या खुणा म्हणून ते आजही भरतात. १७०० मध्ये औरंगजेबाने सातारचा किल्ला घेऊन त्याला 'आझमतारा' हे नाव दिले. मिरजेचा भुईकोट १६८७ मध्ये मोगलांच्या ताब्यात गेला आणि १७३९ मध्ये शाहू छत्रपतींनी तो जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिला.

या सत्तांतरांवरून इस्लामच्या प्रसाराचे मोजमाप करण्याची प्रथा जुनी असली तरी ती फारशी उपयोगी नाही. सत्तेचे केंद्र आणि मुस्लिम वस्तीचे प्रमाण यांचा मेळ सरळ बसत नाही. शिवाय आदिलशाही कारभाराचे स्वरूपही एकरंगी नव्हते. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) महसुली हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचा दरबारातील शिरकाव वाढला, असे फेरिस्ता सांगतो. मराठा देशमुख, ब्राह्मण कुलकर्णी आणि दख्खनी मुसलमान अंमलदार हे या व्यवस्थेचे तीन पाय होते.

सामान्य लोकांमध्ये इस्लाम कसा रुजला, या प्रश्नाचे अधिक समाधानकारक उत्तर रिचर्ड ईटन यांच्या 'सूफीज ऑफ बिजापूर' (१९७८) या ग्रंथात सापडते. विजापूरच्या सूफींनी दख्खनी बोलीत रचलेली चक्कीनामा, चरखानामा यांसारखी गीते बायका जात्यावर दळताना आणि सूत काततांना गात. ईश्वरस्मरण, पीर-मुर्शिद आणि पैगंबर यांची ओळख या गीतांतून घरात पोहोचली. तलवार किंवा दरबार यांपेक्षा जाते आणि चरखा ही माध्यमे अधिक परिणामकारक ठरली, आणि ही प्रक्रिया एका पिढीत नव्हे तर अनेक पिढ्यांत घडली, हा ईटन यांच्या मांडणीचा गाभा होय. जात्यावरच्या ओव्यांची परंपरा ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे त्याला यात अपरिचित असे काही वाटणार नाही. एकाच आळीत पहाटे एका जात्यावर विठ्ठलाचे आणि दुसऱ्या जात्यावर पिराचे नाव घेतले जात असेल, तर त्या दोन घरांमधील अंतर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत दिसते तेवढे नसणार, हे उघड आहे.

मराठा राज्यकर्त्यांचे धोरणही या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि त्याची कबर तेथेच झाली. केळशीच्या याकूतबाबांना शिवछत्रपतींनी दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. शाहू छत्रपतींचे बालपण व तारुण्य १६८९ ते १७०७ या काळात औरंगजेबाच्या छावणीत गेले. सुटकेनंतर परतीच्या वाटेवर त्यांनी खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतल्याचे इतिहासकार नमूद करतात. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात ज्यांचा राज्याभिषेक झाला त्या राजाची घडण अशी दुहेरी होती. राजकीय वैर आणि श्रद्धास्थानांविषयीचा आदर या दोन गोष्टी त्या काळात एकाच माणसाच्या ठायी सहज नांदत असत. आधुनिक वाचकाला त्यात विसंगती वाटते, समकालीनांना ती वाटत नव्हती.

गावगाड्यातील स्थान

ग्रामीण मुसलमानाची खरी ओळख त्याच्या आडनावात आहे. मुलाणी, मुल्ला, मुजावर, काझी, खतीब, पीरजादे ही आडनावे धार्मिक सेवेची. शिकलगार हत्यारांना धार लावणारे. पिंजारी किंवा नदाफ कापूस पिंजणारे, बागवान फळे-भाजी विकणारे, तांबोळी विड्याची पाने विकणारे, मणेर बांगड्या भरणारे, पखाली पाणी वाहणारे. मोमीन विणकर, पटवेगार रेशमी गोफ करून दागिने गाठवणारे, तर आत्तार अत्तर, बुक्का, कुंकू यांचा व्यापार करणारे. जमादार, नाईकवडी, इनामदार, मोकाशी ही आडनावे जुन्या लष्करी वा महसुली हुद्द्यांतून आली आहेत.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यांतील कितीतरी व्यवसाय हिंदू घराच्या धार्मिक गरजांवर उभे होते. सुवासिनीचे कुंकू आत्ताराकडून यायचे, लग्नातला हिरवा चुडा मणेराने भरायचा, मंगळसूत्र गाठवायचे ते पटवेगाराने, आणि विड्याची पाने तांबोळ्याच्या टोपलीतली. सौभाग्याच्या ज्या खुणा आज धार्मिक ओळखीच्या ठळक खुणा मानल्या जातात त्यांचा पुरवठा गावगाड्याने निःशंकपणे मुसलमानाकडे सोपवला होता.

मुलाण्याचे स्थान याहूनही विशेष होते. साताऱ्यात १८१८ ते १८२२ या काळात इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) बारा बलुत्यांमध्ये मुलाण्याची गणना केली आहे. अन्य काही याद्यांत तो अलुत्यांत येतो. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथातही मुलाण्याच्या कामाचे आणि हक्कांचे वर्णन आढळते. मशिदीची देखभाल, निकाह आणि मयतीचे विधी ही त्याची मुसलमानांसाठीची कामे होत. परंतु ज्या गावात मुसलमानांची दोनच घरे तेथेही मुलाणी असे, याचे कारण वेगळे होते. ग्रामदेवतेच्या जत्रेतील बकरे कापण्याचा मान त्याचा होता. मुलाण्याच्या हातून हलाल झाल्याखेरीज मराठा-कुणबी घरांत मटण शिजत नसे. म्हसोबा, मरीआई, खंडोबा यांच्या नावाने सोडलेल्या जनावरावर कलमा पढून सुरी फिरवली जाई, आणि यात देवाला किंवा अल्लाला काही वावगे वाटत असेल असे कोणाच्या मनात येत नसे. त्याबद्दल त्याला बलुत्यातील धान्य आणि जनावराचा ठरलेला वाटा मिळे.

याची उलट बाजू म्हणजे पिराची कंदुरी. नवस फेडण्यासाठी हिंदू शेतकरी पिराला बकरे कापतो, गावाला जेवू घालतो आणि मलिदा वाटतो. पिराच्या उरुसात गलेफ आणि संदल यांच्या मिरवणुकीत पाटलाचा मान ठरलेला असतो. अशा प्रथांना 'ऐक्य' हे नाव देण्याची सवय अलीकडची आहे. गावगाड्यात त्याला नाव नव्हते, तो 'मान' होता आणि मानावरून भांडणेही होत. पाटलाचा गलेफ आधी की देशमुखाचा, पंजा कोणाच्या दारात किती वेळ थांबायचा, अशा वादांत हिंदू विरुद्ध मुसलमान अशी फळी क्वचितच पडे. बहुधा भावकी भावकीशी भांडे.

या रचनेला आदर्श समजण्याचे मात्र कारण नाही. बलुत्याची व्यवस्था ही जातिव्यवस्थाच होती आणि मुसलमान तिच्यात एक जात म्हणून बसवला गेला होता. रोटीबेटीचे नियम त्यालाही लागू होते. मुसलमानांतर्गतही सय्यद, शेख, मोगल, पठाण हे वरचे आणि व्यावसायिक जमाती खालच्या असा भेद पाळला जाई. शिकलगारांची सोयरीक शिकलगारांतच आणि बागवानांची बागवानांतच होण्याची पद्धत बराच काळ टिकून राहिली. इस्लाममधील समतेच्या तत्त्वाशी हे विसंगत आहे, हे समाजातील सुधारकांनी वेळोवेळी बोलून दाखवले आहे.

स्वातंत्र्यानंतर ही चौकट मोडली. १९५२ च्या वैयक्तिक इनामे नष्ट करण्याच्या कायद्याने आणि १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या कायद्याने वतनांचा आधार संपला. त्याआधीच नगदी पिके, साखर कारखाने आणि बाजार यांमुळे बलुते आटत चालले होते. पिंजाऱ्याची धनुकली गेली आणि गाद्यांची दुकाने आली. पखाल्याचे काम नळाने संपवले. शेती नसलेला हा वर्ग कारागिरी, फळबाजार, वाहनदुरुस्ती, वाहतूक यांकडे वळला. दुसऱ्याच्या घरातील सणासाठी लागणारी वस्तू आता दुकानातून, कोणाकडूनही, मिळू लागली. ज्या व्यवहाराने दोन घरे बांधलेली होती तो व्यवहारच उरला नाही. पुढील काळातील दुराव्याची कारणे शोधताना केवळ राजकीय प्रचाराकडे बोट दाखवले जाते. या आर्थिक तुटीचा विचार त्या मानाने कमी झाला आहे.

महाराष्ट्र शासनाने ७ डिसेंबर १९९४ च्या निर्णयाने मुस्लिमांतील मागास व्यावसायिक जमातींना इतर मागासवर्गीयांच्या सवलतींत सामावून घेतले. मुस्लिम ओबीसी चळवळीचे हे मोठे यश होते. गंमत अशी की, जी आडनावे शहरात गेलेल्या तरुणांना अडचणीची वाटू लागली होती तीच जात प्रमाणपत्रासाठी पुरावा म्हणून उपयोगी पडू लागली.

मोहरम आणि कडेगावचे ताबूत

करबला येथे इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचे स्मरण हा मोहरमचा मूळ आशय. दख्खनमध्ये शिया परंपरेच्या आदिलशाही व कुतुबशाही दरबारांमुळे मोहरमला राजाश्रय मिळाला आणि नंतर तो सुन्नी मुसलमान व हिंदू रयतेचाही सण झाला. सातारा-सांगलीच्या खेड्यांत पंजे, नालसाहेब, सवाऱ्या, अलाव्याभोवतीचा खेळ, चोंगे आणि सरबत या गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ज्या गावात मुसलमानांचे एकही घर नाही तेथेही पीर बसवले जातात आणि सवारी धरणारा मराठा, धनगर किंवा रामोशी असतो.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव येथील मोहरम या सर्वांत उठून दिसतो. कळकाच्या सांगाड्यावर रंगीत कागद चढवून उभारलेले तेथील उंच ताबूत पाहण्यासाठी लांबून लोक येतात. या परंपरेचा आरंभ कराडच्या देशपांडे घराण्याशी जोडला जातो. ताबुतांच्या बांधणीची रीत अशी की, आधी वरचा कळसाचा मजला तयार करून तो उचलायचा आणि त्याखाली पुढचा मजला जोडायचा. 'आधी कळस, मग पाया' असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. हे काम बकरी ईदच्या सुमारास सुरू होते. सातभाई यांचा ताबूत मानाचा मानला जातो. ताबुतांमध्ये मुस्लिम घराण्यांच्या बरोबरीने हिंदू घराण्यांचेही ताबूत आहेत. दहाव्या दिवशी हे ताबूत खांद्यावरून चौकात आणले जातात व त्यांच्या भेटी होतात. भेटीच्या वेळी आसपासच्या गावांतील मेळे करबलाची गीते गातात. एवढ्या उंचीचे सांगाडे अरुंद रस्त्यांवरून नेताना शेकडो माणसांच्या खांद्यांचा तोल सांभाळावा लागतो. हे काम एका समाजाच्या मनुष्यबळावर होण्यासारखे नाही, आणि परंपरेच्या टिकाऊपणाचे एक कारण या साध्या गोष्टीतही असावे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराष्ट्रात या सहभागाला धक्का बसला. १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर पुण्यात हिंदूंनी ताबुतांत भाग घेऊ नये अशी हाक दिली गेली आणि १८९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. ताबुतांपुढचे मेळे गणपतीपुढे आले. कडेगावसारख्या गावांत हा बदल पोहोचला नाही किंवा पोहोचूनही रुजला नाही. वाळवा तालुक्यातील गोटखिंडी येथे तर १९८० पासून गावातील मंडळाच्या गणपतीची प्रतिष्ठापना मशिदीत होते. मोहरम किंवा बकरी ईद गणेशोत्सवाच्या काळात आल्यास दोन्हीकडून सांभाळून घेतले जाते.

मुस्लिम समाजात या प्रथांविषयी एकमत आहे असे मात्र नाही. विसाव्या शतकात तबलिगी जमातचे कार्य वाढले, तसा ताबूत, सवाऱ्या, कंदुरी यांना धर्मबाह्य ठरवणारा विचारप्रवाहही वाढला. नमाज, रोजे आणि कुराणपठण यांवर भर देणाऱ्या या प्रवाहाने व्यसनमुक्ती आणि धर्मशिक्षण यांबाबत काही चांगले काम केले, हे मान्य करावे लागेल. पण त्याच वेळी गावाशी जोडणारे जुने धागे सैल झाले. दुसऱ्या बाजूने हिंदू समाजातही देवतांच्या 'शुद्धी'ची भाषा आली. मुलाण्याऐवजी खाटीक, पिराऐवजी नाथ असे पर्याय पुढे आले. दोन शुद्धीकरणे परस्परांना पूरक ठरतात, हा दख्खनच्या सामाजिक इतिहासातील एक दुर्लक्षित विषय आहे.

मिरज : दर्गा आणि तंतुवाद्ये

मिरजेतील ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा हे दक्षिण महाराष्ट्रातील महत्त्वाचे श्रद्धास्थान आहे. पटवर्धनांच्या संस्थानी काळातही त्याचा मान कायम राहिला. उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून अर्पण होतो. ज्या समाजाला अनेक देवळांच्या पायरीपलीकडे प्रवेश नव्हता त्याच्याकडे दर्ग्यातील अग्रमान असावा, ही बाब समाजशास्त्रज्ञांनी गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

या दर्ग्याशी किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२ ते १९३७) यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. उत्तरेतील कैराना येथे जन्मलेला हा गायक मिरजेत स्थायिक झाला. दर्ग्याच्या कृपेने आपण आजारातून उठलो, अशी त्यांची श्रद्धा असल्याचे सांगितले जाते आणि उरुसात ते तेथे गाणे सादर करीत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमल कोईल या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मिरजेत, दर्ग्याच्या आवारात झाले. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यातील चिंचेच्या झाडाखाली भरणाऱ्या संगीतसभेत भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांच्यासारख्या कलावंतांनी हजेरी लावली.

खाँसाहेबांचे कार्य या निबंधाच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. पहिले, त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात 'आर्य संगीत विद्यालय' काढले, ज्यातून सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी शिकले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच अपत्ये, आणि हिराबाईंचा जन्मही मिरजेचा. खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदेही ध्वनिमुद्रित केली. दुसरे, सांगलीचे निवृत्त अधिकारी कृ. ब. देवल आणि इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींचे जे संशोधन केले, त्यात प्रत्यक्ष स्वर लावून दाखवण्याचे काम अब्दुल करीम खाँ यांनी केले. देवलांचा या विषयावरील ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत ग्रंथांतील श्रुतिविचाराची पडताळणी एका मुस्लिम गायकाच्या कंठावर व्हावी, यात त्या काळच्या कोणालाही आश्चर्य वाटले नाही.

मिरजेच्या तंतुवाद्यांची कथा याला समांतर आहे. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात, पेशवाईच्या अस्तानंतर, बेकार होऊ लागले. तलवारीची मागणी संपली होती. मिरजेच्या संस्थानी दरबारात गवई-वादकांची ये-जा होती आणि त्यांची वाद्ये नादुरुस्त झाली तर दूर उत्तरेत पाठवावी लागत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने हे दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि त्यातून सतार व तंबोरे बनवण्याचा व्यवसाय उभा राहिला. त्यांचे वंशज 'सतारमेकर' म्हणून ओळखले जाऊ लागले. हत्यारे पारखणारा हात भोपळ्याच्या पोकळीचा नाद पारखू लागला. तुणीचे लाकूड आणि पंढरपूर-मंगळवेढा भागातील जाड सालीचे भोपळे यांपासून घडलेला मिरजेचा तंबोरा देशभरातील गायकांच्या मागे वाजतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

भाषेचा प्रश्न

या भागातील मुसलमान घरात बहुधा दख्खनी बोलतो आणि घराबाहेर मराठी. दख्खनीच्या या रूपात मराठीचे शब्द, प्रत्यय आणि म्हणी इतक्या मिसळल्या आहेत की उत्तरेकडील उर्दूभाषकाला ती पटकन उमगत नाही. धर्मशिक्षण मदरशात उर्दू-अरबीतून आणि शालेय शिक्षण बहुतांशी मराठीतून, अशी विभागणी झाली. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा व वसतिगृहे यांचा यात मोठा वाटा आहे. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आलेल्या या संस्थेने सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवले.

मराठी भाषेला मुसलमान परके नाहीत, हे रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या ग्रंथात साधार दाखवले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'अंबरहुसेनी' ही गीताटीका लिहिणारे हुसेन अंबरखान ही नावे त्यात येतात. तसेच शिवकालात राज्यव्यवहारकोशाद्वारे फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न होऊनही अर्ज, जमीन, कायदा, मालक, हवा हे शब्द मराठीतून गेले नाहीत. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला तेव्हा या देण्याची व्याप्ती अभ्यासकांपुढे आली.

आधुनिक काळात या जाणिवेला संघटित रूप मिळाले ते मुस्लिम मराठी साहित्य चळवळीतून. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात भरले. या चळवळीच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी प्रा. फकरुद्दीन बेन्नूर (१९३८ ते २०१८) यांचा जन्म साताऱ्याचा. आपली भाषा मराठी, आपला धर्म इस्लाम आणि यांत निवड करण्याची गरज नाही, ही या चळवळीची भूमिका होती. त्याआधी १९७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने कायदा व स्त्रियांचे हक्क यांवर भर दिला होता. दोन्ही प्रवाहांत मतभेद होते, पण दोघांचेही लेखन मराठीत झाले.

हा प्रश्न केवळ दख्खनचा नाही. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक मुसलमानांपुढेही तो उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोहून आलेल्या नवमुस्लिमांनी १९७५ मध्ये 'अलियान्झा इस्लामिका' ही संस्था स्थापन केली, कारण अरब व दक्षिण आशियाई मुसलमानांच्या मशिदींत त्यांना भाषेचे आणि संस्कृतीचे परकेपण जाणवत होते, तर स्वतःच्या कॅथलिक समाजात धर्माचे. १४९२ पूर्वीच्या मुस्लिम स्पेनचा आणि स्पॅनिशमधील अरबी शब्दांचा दाखला ते देतात तो 'आम्ही उपरे नाही' हे सांगण्यासाठी. तुलना अर्थात मर्यादेतच करावी लागेल. तेथे एका पिढीने स्वेच्छेने धर्मांतर केले आहे, येथे समाज कित्येक शतकांचा आहे. पण एवढा जुना समाज असूनही मराठी मुसलमानाला 'तुम्ही मराठी चांगले बोलता' अशी दाद ऐकावी लागते, यावरून परकेपणाचे माप काळाच्या लांबीने ठरत नाही हे स्पष्ट होते.

तणावाची वर्षे

सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या काळात अफझलखान वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून मिरजेत दंगल उसळली. तिचे लोण सांगली व लगतच्या भागात पसरले आणि संचारबंदी लावावी लागली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका राजकीय-लष्करी घटनेचे चित्र शेजाऱ्याच्या धर्माविषयीचे विधान म्हणून वाचले गेले, लावणाऱ्यांकडून आणि पाहणाऱ्यांकडूनही. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी कबरीभोवतीचे अनधिकृत बांधकाम प्रशासनाने पाडले. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने दुकाने, वाहने आणि मशिदीवर हल्ला केला. त्यात एका मुस्लिम तरुणाचा मृत्यू झाला आणि जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. येरळेच्या खोऱ्यातील या बाजारपेठेच्या गावात असे काही घडेल, असे दोन पिढ्यांपूर्वीच्या गावकऱ्याला सांगितले असते तर त्याला ते खरे वाटले नसते.

मिरज हे शहर होते, पुसेसावळी हे गाव आहे, हा फरक महत्त्वाचा. शहरी दंगलींचे विश्लेषण करणारी जी चौकट अभ्यासकांनी घडवली आहे, तिच्यात मोहल्ले, बाजारातील स्पर्धा, मिरवणुकीचे मार्ग यांना स्थान आहे. ज्या गावात सर्वजण एकमेकांना नावाने ओळखतात तेथे ओळख कशी निष्प्रभ ठरते, याचे उत्तर तिच्यात नाही.

वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या उरुण-इस्लामपूरचे नाव 'ईश्वरपूर' करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला. त्यापूर्वी कित्येक वर्षे काही जण हे नाव बोलण्यात व फलकांवर वापरीतच होते. याच गावात संभूआप्पा आणि बुवाफन यांचा उरूस भरतो. संभूआप्पा हे कोष्टी समाजातले शिष्य आणि बुवाफन हे त्यांचे मुस्लिम गुरू, असे परंपरा सांगते. हिंदू मठातल्या या उत्सवाला तेथील लोक 'जत्रा' म्हणतात तसेच 'उरूस'ही म्हणतात.